जनप्रवादाचे मानसशास्त्र : बिहारच्या भूकंपापासून राईनपाड्यापर्यंत

दिनांक 15 जानेवारी 1934 रोजी, मकरसंक्रमणाच्या सुमारास, दुपारी दोन वाजून गेल्यावर उत्तर बिहार व नेपाळ ह्या प्रदेशांना भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी, सीतामढी ही नगरे उद्ध्वस्त झाली. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. गंगेच्या उत्तरेकडील सखल मुलखात जमीन फाटून वाळू व पाणी यांचे लोट वर आले, विहिरी वाळूने बुजल्या, उभ्या शेतांवर वाळूचे थर साचले. ह्या आपत्तीची ऐतिहासिक चर्चा करताना तिच्या धार्मिक अर्थावरून महात्मा गांधी व रवींद्रनाथ ठाकूर यांच्यात जो वाद झाला त्याचा उल्लेख हटकून केला जातो. अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन होय असे गांधींनी म्हटले, आणि सृष्टीतील घटनेला नैतिक कारण चिकटविण्यास रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. हा वाद महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच दिवसांत बिहारमध्ये दुसरे एक काम चालू होते, ज्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. जमुना प्रसाद हे मानसशास्त्रज्ञ लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवीत होते.

ह्या टिपणांवर आधारलेला त्यांचा निबंध 1935 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या नियतकालिकाचे संपादन तेव्हा केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांच्याकडे होते. बार्टलेट यांचा स्मरणविषयक ग्रंथ 1932 साली निघाला होता आणि एकाने सांगितलेली कथा दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने अशी पुढे सांगत गेल्यास तिचे काय होते हे त्यांनी त्यात प्रयोगाने दाखविले होते. प्रसाद यांच्यापुढील सामग्री मात्र प्रयोगशाळेतील नव्हती. ती रस्त्यावरची, बाजारातील, घाटावरची होती. अमुक दिवशी पाटण्यास भयंकर वादळ होणार. येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. अमुक तारखेस प्रलय होणार. धक्क्याच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले व स्नान करणारे लोक वाळूत रुतले. नेपाळच्या सीमेकडून मधुबनीकडे पाण्याचा लोंढा येत आहे — ह्या जातीच्या त्या वार्ता होत्या.

अफवा पिकण्यास परिस्थिती कशी असावी लागते याचे प्रसाद यांनी जे विवेचन केले ते आजही मुळातून वाचण्यासारखे आहे. घटनेने मन क्षुब्ध झालेले असावे. घटना नित्याच्या अनुभवातील नसावी. तिच्या अनेक अंगांचे ज्ञान लोकांना नसावे. तिच्यातील काही गोष्टींची शहानिशा करण्याचा मार्ग नसावा. आणि ती एकट्यादुकट्याच्या नव्हे, तर समूहाच्या आस्थेचा विषय असावी. ह्या पाच अटींमध्ये शेवटची अट वजनाची होय, कारण अफवा ही सांगणाऱ्याची व्याधी नसून समूहाची कृती आहे हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. पुढे 1950 साली प्रसाद यांनी दुसरा निबंध लिहून 1934 च्या अफवांची तुलना पूर्वीच्या काळातील भूकंपांच्या वृत्तांतांशी केली, तेव्हा निरनिराळ्या काळांतील व देशांतील वार्तांमध्ये त्यांना विलक्षण साम्य आढळले. अपरिचित घटनेला समूह आपल्या परंपरेतील परिचित साच्यात बसवून घेतो, असा ह्या साम्याचा अर्थ लावता येतो. ग्रहण, प्रलय, नदीचे लुप्त होणे हे सारे साचेच आहेत. अज्ञानी जनांचा भ्रम म्हणून ते बाजूला सारण्यात शास्त्रीय लाभ काही नाही.

ह्यानंतर ह्या सामग्रीचा प्रवास अमेरिकेत झाला. 1951 च्या सुमारास लिऑन फेस्टिंगर ह्या मानसशास्त्रज्ञाकडे फोर्ड प्रतिष्ठानाच्या वतीने संज्ञापन व सामाजिक प्रभाव ह्या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा आढावा घेण्याचे काम आले. आढावा घेताना प्रसाद यांचा निबंध त्यांच्या वाचनात आला आणि एका प्रश्नापाशी ते अडले. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्याकडे विध्वंस झाला नाही अशा लोकांमध्ये आणखी भयंकर संकटांच्या अफवा का पसराव्यात? मनुष्य दुःख टाळू पाहतो असे सर्वच मानतात. मग हे लोक आपले भय आपणच का वाढवीत होते? फेस्टिंगर यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. ह्या अफवा भय उत्पन्न करीत नव्हत्या. भय आधीच उत्पन्न झालेले होते, परंतु डोळ्यांसमोर त्याला साजेसे कारण नव्हते. तेव्हा भयाचे समर्थन करणाऱ्या वार्तांचा लोकांनी आधार घेतला. मनातील दोन गोष्टींचा मेळ बसत नसला की मनुष्य अस्वस्थ होतो व तो मेळ बसविण्याची खटपट करतो, ही कल्पना येथे अंकुरली. 1957 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘संज्ञानात्मक विसंवादा’चा सिद्धांत तो हाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समाजमानसशास्त्रावर ह्याएवढा प्रभाव दुसऱ्या कोणत्याही सिद्धांताने क्वचितच गाजविला असेल. धूम्रपानापासून मतदानापर्यंत आणि खरेदीपासून धर्मांतरापर्यंत दैनंदिन जीवनाच्या असंख्य प्रश्नांना तो लावण्यात आला. त्याचे बीज पाटण्याच्या रस्त्यावरील बोलण्यात होते ह्याची आठवण पाठ्यपुस्तकांत एखाद्या वाक्यापुरती असते, पुष्कळदा तेवढीही नसते.

फेस्टिंगर यांना आपल्या तर्काची दुसरी बाजूही भारतातच सापडली. जून 1950 मध्ये दार्जिलिंग परिसरात अतिवृष्टीने दरडी कोसळून मोठी हानी झाली, आणि दुर्गानंद सिन्हा यांनी तेथील वार्तांचा व अफवांचा अभ्यास 1952 साली त्याच ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. दार्जिलिंगचे लोक प्रत्यक्ष आपत्तीतून गेलेले होते, त्यांच्या भयाचे कारण त्यांच्या दारात पडलेले होते. तेथे याहून भीषण भविष्याच्या वार्ता तशा प्रमाणात पसरल्या नाहीत. धक्का आणि विध्वंस दोन्ही असतील तर भयाला समर्थन शोधावे लागत नाही. धक्का आहे आणि विध्वंस नाही तर शोधावे लागते. ही जोडी फार देखणी आहे. किंबहुना ती जरा अधिकच देखणी आहे.

कारण मूळ परिस्थिती तपासल्यास दोन गोष्टी खटकतात. एक तर पाटणा हे शहर विध्वंसापासून सर्वस्वी मुक्त राहिलेले नव्हते. मुंगेरच्या मानाने तेथील हानी कमी होती, इतकेच. दुसरे असे की मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के पुष्कळ दिवस बसत राहतात. ज्याच्या पायाखालची जमीन पुन्हा पुन्हा हालते त्याने आणखी एका मोठ्या धक्क्याची अपेक्षा करणे ह्यात तर्कविरुद्ध असे काय आहे? जमिनीतून वाळूचे कारंजे उसळलेले ज्याने पाहिले किंवा पाहणाऱ्याकडून ऐकले, त्याला गंगेचे पाणी लुप्त झाल्याची वार्ता अशक्य का वाटावी? तारखेचा निश्चितपणा मात्र पंचांगाने पुरविला. भूकंपाच्या महिन्यात मकर राशीत अनेक ग्रह एकत्र आले होते व त्यावरून ज्योतिषी अनिष्ट सांगत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ग्रहणाच्या दिवसाकडे लोकांचे डोळे का लागले हे समजण्यास विसंवादाच्या सिद्धांताची गरज उरत नाही. प्रसाद यांच्या विवेचनात ह्या सांस्कृतिक वारशाला जागा होती. सिद्धांत एकेका व्यक्तीच्या मनाचा झाला तेव्हा ती जागा गेली.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो गौण नाही. प्रसाद यांनी टिपलेल्या अफवा विद्वज्जनांपर्यंत पोहोचल्या त्या इंग्रजी वाक्यांच्या रूपात. अमुक दिवशी प्रलय होईल, असे त्या वाक्याचे विधानार्थी रूप आहे. परंतु मगही, मैथिली किंवा हिंदी बोलणारा मनुष्य असे वाक्य उघडे क्वचितच उच्चारतो; ‘सुना है’, ‘कहते हैं’ असे काहीतरी त्याच्या मागे-पुढे असते. मराठीत तर ह्या कामासाठी वाक्याच्या अखेरीस येणारे ‘म्हणे’ हे अव्ययच आहे. ‘धरण फुटले’ आणि ‘धरण फुटले म्हणे’ ह्या दोन वाक्यांत वार्ता एकच आहे, पण बोलणाऱ्याने घेतलेली जबाबदारी एक नाही. ‘म्हणे’ म्हणणारा आपण ऐकलेले पुढे देतो, त्याची हमी देत नाही, आणि अनेकदा ऐकणाऱ्याला विचारीतही असतो की तुमच्या कानांवर काय आले आहे. म्हणणे ह्या क्रियापदाचे हे गोठलेले रूप कर्त्याला पार गिळून टाकते. कोण म्हणे, ह्याचे उत्तर त्यात नाही आणि अपेक्षितही नाही. संस्कृतातील ‘किल’ ह्या निपाताचे एक कार्य हेच होय. पाणिनीने जे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडले त्यासाठी लिट् लकार सांगितला आहे, म्हणजे पाहिलेले आणि न पाहिलेले यांतील भेद व्याकरणातच नोंदविलेला आहे.

भारतीय ज्ञानमीमांसेतही ह्या प्रकाराला स्वतंत्र नाव होते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने ‘ऐतिह्य’ म्हणजे ज्याचा वक्ता निर्दिष्ट नाही अशी प्रवादाची परंपरा असे सांगितले आहे. ते स्वतंत्र प्रमाण आहे की शब्दप्रमाणातच त्याचा अंतर्भाव करावा ह्यावर चर्चा झाली आहे. ‘किंवदंती’ ह्या शब्दात तर प्रश्नच दडलेला आहे : लोक काय बोलतात? मराठीतील ‘अफवा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबीत तो ‘तोंड’ ह्या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे. मराठीने ते अनेकवचन एकवचन करून टाकले, पण अर्थ सोडला नाही. वदंता, आवई, कंडी, भुमका असे अन्य शब्दही मराठीत आहेत आणि त्यांच्या छटा निराळ्या आहेत : आवई उठते, कंडी पिकते वा पिकविली जाते, हूल दिली जाते. पिकविणारा असणे आणि नसणे हा भेद ज्या भाषेने क्रियापदातच जपला, तिच्या भाषकांना जाणूनबुजून पेरलेली खोटी बातमी व समूहाने मिळून घडविलेला प्रवाद यांतील अंतर नव्याने शिकविण्याचे कारण नाही.

असे असता, अनुवादात हमी नाकारणारी ही चिन्हे गळून पडली की काय होते? शंका घेत, चाचपडत केलेले विधान ठाम विश्वासाचे विधान भासते. मग भय असलेल्या माणसाने आपल्या भयाला समर्थन म्हणून एक विश्वास निर्माण केला, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. वस्तुतः तो मनुष्य कदाचित विचारीत होता. तामोत्सु शिबुतानी यांनी 1966 च्या आपल्या ग्रंथात अफवेला तात्पुरती रचलेली बातमी म्हटले. अधिकृत वार्ता अपुरी पडते तेव्हा लोक एकमेकांच्या साहाय्याने परिस्थितीचा अर्थ लावतात व त्या खटपटीत अफवा जन्मते, असे त्यांचे म्हणणे. शिबुतानी स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांपैकी होते. तारेच्या कुंपणाआड बातमीची भूक कशी असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

युद्धकालीन अमेरिकेत ह्या विषयाला व्यवहाराचे निकडीचे रूप आले होते. 1942 साली बॉस्टनच्या एका दैनिकात अफवांचे निराकरण करणारे सदर सुरू झाले व इतर वृत्तपत्रांनी त्याचे अनुकरण केले. रॉबर्ट नॅप यांनी त्या वर्षी गोळा केलेल्या 1,089 अफवांचे वर्गीकरण केले असता त्यांतील सुमारे 66 टक्के द्वेषमूलक, 25 टक्के भयमूलक व केवळ 2 टक्के इच्छामूलक आढळल्या. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांचा 1947 चा ग्रंथ ह्याच कामातून निघाला. विषयाचे महत्त्व आणि पुराव्याची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अफवेचा प्रसार अवलंबून असतो हे त्यांचे सूत्र विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. त्यांच्या प्रयोगातील एका चित्रात गोऱ्या मनुष्याच्या हातात वस्तरा होता. वर्णन तोंडोतोंडी जाताना निम्म्याहून अधिक प्रयोगांत कुठे ना कुठे तो वस्तरा कृष्णवर्णीयाच्या हाती गेला. सूत्रापेक्षा हा वस्तराच अधिक शिकवितो. तपशील गळतात, उरलेले टोकदार होतात, आणि जे उरते ते समाजाच्या पूर्वग्रहाशी जुळवून घेतले जाते.

ह्या सर्व शास्त्राच्या उदयापूर्वी मुंबईने त्याची सामग्री पुरवून ठेवली होती. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे धोरण स्वीकारले. रुग्णालयात लोकांना मारतात, त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, अशा वार्ता पसरल्या, आणि 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर अधिकाऱ्यांना सक्ती सैल करावी लागली. सरकारदरबारी ही अडाणी जनतेची खुळी समजूत ठरली. परंतु प्रसाद यांच्या अटी लावून पाहिल्यास चित्र बदलते. रोग अपरिचित होता, भिंतीआड काय चालते हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि रुग्णालयात नेलेले बहुतेक रुग्ण खरोखरच परत येत नव्हते. लोकांचे निरीक्षण अचूक होते, कारणमीमांसा चुकीची होती. शिवाय ज्या सत्तेने घरात शिरून माणूस उचलून न्यावा, तिच्या हेतूविषयी लोकांनी विश्वास का बाळगावा? जनप्रवादाला शेतकऱ्यांच्या बंडातील संदेशवहनाचे साधन म्हणून रणजित गुहा यांनी 1983 साली जे स्थान दिले, त्याने इतिहासलेखनात हा विषय उजेडात आला. मानसशास्त्राच्या विभागांत मात्र ते पुस्तक क्वचितच उघडले जाते.

मोमियाईच्या वार्तेत आणि एकविसाव्या शतकातील एका वार्तेत जे साम्य आहे ते अस्वस्थ करणारे आहे. परके लोक येतात, देह पळवितात, त्यातून काही काढून घेतात. 2018 च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या वार्ता देशभर मोबाइलवरून फिरत होत्या व त्यांत अवयव काढून घेण्याचाही उल्लेख असे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारासाठी जमलेल्या लोकांनी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. फिरस्त्यांवर चोरीचा संशय घेण्याची सवय गावाला पूर्वीपासून होतीच, वसाहतकालीन कायद्याने तर काही भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. वस्तरा कोणाच्या हाती जायचा हे आधीच ठरलेले होते.

त्या वर्षी फिरलेल्या दृश्यफितींपैकी एकीचा इतिहास येथे सांगणे अवश्य आहे. मोटारसायकलवरून येऊन मूल उचलणाऱ्या दोघांची ती फीत मूळ कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनविलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात व हातातील फलक दाखवितात, असे तिचे मूळ रूप होते. भारतात फिरलेल्या फितीतून हा शेवट कापलेला होता. म्हणजे ज्या अंशात ‘हे खरे नव्हे, हे सांगण्यासाठी केले आहे’ असा निर्वाळा होता तोच गळला. तोंडी प्रवादात ‘म्हणे’ गळावयास काही तोंडे लागतात. येथे ते एका कात्रीने झाले. आणि चित्राला ‘म्हणे’ जोडण्याची सोय मुळातच नाही. पुढे पाठविणारा जो मजकूर चित्रासोबत लिहितो तो बहुधा आज्ञार्थी असतो : सावध राहा, सर्वांना पाठवा. ऐकीव वार्तेचे हे व्याकरण नव्हे. ही दवंडी आहे, आणि दवंडीला ऐकणारा प्रतिप्रश्न करीत नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. वहनाचा वेग कमी करणे निरर्थक नव्हे. परंतु फेस्टिंगर यांच्या तर्काचा जो भाग टिकण्यासारखा आहे तो येथे उपयोगी पडतो : भय आधीचे असेल, तर वार्ता खोडल्याने भय जात नाही, ते दुसरी वार्ता शोधते. त्यांच्या सिद्धांताची स्वतःची स्थितीही पूर्वीसारखी भक्कम राहिलेली नाही. 2024 मध्ये अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून त्यातील एका प्रसिद्ध प्रयोगाची पुनर्परीक्षा केली असता अपेक्षित फरक मिळाला नाही, आणि प्रलयाची वाट पाहणाऱ्या एका पंथावरील त्यांच्या 1956 च्या सहलिखित पुस्तकातील वर्णनावर 2025 मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे गंभीर आक्षेप घेण्यात आले. प्रसाद यांच्या पाच अटींना मात्र अद्याप कोणी हात लावलेला नाही. त्यांच्याकडे तितकेसे कोणी वळलेले नाही हेही त्याचे एक कारण असेल.

त्या अटींतील चौथी अट, शहानिशेचा मार्ग, हीच एक अट समाजाच्या हातची आहे. त्याच 1 जुलैच्या रात्री मालेगावात असाच संशय घेऊन जमावाने घेरलेल्या पाच जणांना, ज्यांत एक लहान मूल होते, पोलिसांनी व काही नागरिकांनी सोडविले. दोन्ही ठिकाणी फिरत असलेली वार्ता एकाच जातीची होती. राईनपाड्यात बाजारासाठी जमलेल्या गर्दीतील फारच थोडे लोक एकमेकांना ओळखत असतील. मालेगावात विचारपूस करणारे, ज्यांचे ऐकले जाईल असे काहीजण वेळेवर पोहोचले, आणि कोण म्हणे, हा प्रश्न विचारण्याइतका अवधी मिळाला.